सगळ्यांची आजी

गाडी फाटकाशी थांबवून सानिका म्हणाली, "आजी, ओळखला का? आपला फार्म! किती छोटी झाली ना?"

ओळखलं होतं. खालच्या वळणावरच ओळखलं होतं, ते नाकानं. ओल्या मेंढीचा वास एकदा बसला की जात नाही. ओली लोकर, शेण, ट्रॅक्टरचं डिझेल, आणि या सगळ्यावर डोंगरभर माजलेल्या नेच्याचा कडवट हिरवा वास. फाटक नवं होतं. अंगणात पूर्वी चिखल असायचा, तिथं आता बारीक खडी पसरलेली. मी ज्या गोठ्यात स्वयंपाक केला होता त्याला काचेचं दार लागलं होतं आणि दाराशी फुलांच्या कुंड्या होत्या.

"मी विचारून येते आत. तू बस," म्हणून सानिका उतरली. आता ती लीड्सला मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. दोन दिवसांची सुट्टी काढून मला वेल्सचा समुद्र दाखवायला निघाली होती, वाटेत तिला हे आठवलं. मी बसून राहिले. गुडघे दुखत होते हे खरं, पण उतरायची इच्छाही नव्हती. याच अंगणात मला कळलं होतं की माझी नात घरात मला आजी म्हणते आणि बाहेर मी तिची कोणीच नसते.

दोन हजार सालानंतरची पाचसहा वर्षं उलटली होती तेव्हा. ती बारा वर्षांची होती. आम्ही लंडनमध्ये एजवेअरला राहायचो, अजूनही मी तिथंच असते. ती तीन महिन्यांची असताना मी आले, कऱ्हाडजवळच्या आमच्या गावचं घर बंद करून. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मी तिला जे शिकवलं ते सगळं तोंडी. ती म्हणायची, "माझा बॅग," मी म्हणायचे, "माझी बॅग." ती म्हणायची, "आजी आला," मी म्हणायचे, "आजोबा आला असता, पण तो वर गेला. आजी आली." ती खिदळायची आणि मुद्दाम परत चुकायची.

दर शुक्रवारी संध्याकाळी तिचं स्काउट असायचं. मुलगे, मुली सगळे एकत्र. शर्टाला मी कडक इस्त्री करायचे. तिला बॅज मिळायचे, गाठी मारल्याचा, विस्तव पेटवल्याचा, पोहण्याचा. ते बाहीवर मी शिवायचे, दोरा वरून दिसू नये असे बारीक टाके घालून. शिवताना बाहीला तिच्या अंगाचा आणि गेल्या खेपेच्या धुराचा वास यायचा, धुतली तरी. मग मी तिला सोडायला निघायचे. लाल पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो की ती म्हणायची, "आजी, इथूनच जा आता. आय एम फाइन." मी म्हणायचे, बघा, पोर किती धीट झालीय. पेटीशी थांबून ती हॉलमध्ये शिरेपर्यंत मी बघायचे. तिनं कधी मागं वळून पाहिलं नाही. तेही मला धीटपणाचंच वाटायचं.

त्या उन्हाळ्यात त्यांचा नऊ दिवसांचा कॅम्प ठरला. वेल्सच्या डोंगरात मेंढ्या आणि तट्टं पाळणाऱ्या एका बाईचं फार्म होतं. तिथं तंबू ठोकायचे आणि मधले तीन दिवस पोरांनी पाठीवर सामान घेऊन डोंगर ओलांडून परत यायचं. माझा मुलगा नितीन जेवताना म्हणाला, "आई, जाशील का स्वयंपाकाला? चोवीस पोरं आहेत. त्यांची नेहमीची बाई येत नाहीये."

"मला इंग्रजी कुठं येतं?"

"पातेल्याला तरी कुठं येतं?"

मी हसले. मनातून इतकी आनंदले होते की रात्रीच्या भाजीत दोनदा मीठ पडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं एक कागद पुढं केला.

"इथं सही कर."

"काय लिहिलंय?"

"काही नाही गं, तू येतेयस, एवढंच."

मी सही केली. मराठीत, गोल अक्षरात, गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतली होती तशी. आमच्या गावात माझ्या वयाच्या किती बायका अंगठा लावायच्या. मला माझ्या सहीचा अभिमान होता.

बसमध्ये मी पुढं, कांद्याची पोती आणि पातेल्यांजवळ. सानिका मागं, पोरांत. बटाट्याच्या वेफर्सचा आणि मोज्यांचा वास, आणि पाच तास एकच गाणं. पोचलो तेव्हा पाऊस होता. पाऊस म्हणजे आपला पाऊस नव्हे. तो पडत नाही, नुसता हवेत उभा असतो, आणि तासाभरानं कळतं की आतले कपडेसुद्धा ओले आहेत.

पहिल्याच सकाळी मी गोठ्यात शेगडी पेटवत होते. दगडी फरशी, दोन मोठ्या गॅसच्या शेगड्या, भिंतीवर घोड्यांचे जुने पट्टे. बाहेर एकामागून एक तंबूंच्या चेनी उघडायला लागल्या. झर्र, झर्र, झर्र. रातकिडे ओरडतात तसा तो आवाज, फक्त सकाळी. मग दारात एक तोंड आलं, लाल केसांचं, नाकावर ठिपके. "गुड मॉर्निंग, आऽजी!"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पाठोपाठ दुसरं तोंड, तिसरं. "आजी, इज देअर टी?" "आजी, कॅन आय हेल्प?" आणि सगळ्यांमागून त्यांचा पुढारी कीथ आला, पन्नाशीचा, टकला, थंडीतही अर्ध्या चड्डीत, पायांवर केसांचं जंगल. "मॉर्निंग, आजी!"

मी तेव्हा बासष्टची. पन्नाशीच्या बाप्यानं मला आजी म्हणावं? जरा राग आला. मग म्हटलं, मान देतोय, देऊ दे. सानिकानं शिकवलं असणार सगळ्यांना. केवढं कौतुक वाटलं तिचं! एका नातवंडासाठी आले आणि चोवीस मिळाली, असं काहीतरी बावळट मी मनाशी बोलले. आज लिहायला लाज वाटते, पण बोलले.

ते चार दिवस मात्र चांगले होते. ते मी नाकारणार नाही. आडव्या दोरीवर चोवीस मग टांगलेले असायचे आणि वारा आला की एकमेकांवर आपटून वाजायचे. झेंडा वर जायचा तेव्हा सगळे गप्प, फक्त मेंढ्या गप्प बसत नसत. पहिल्यांदा मोहरीची फोडणी टाकली तेव्हा ती तडतडली आणि बटाटे सोलणारी चार पोरं किंचाळत बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी तीच चार पोरं आणखी आठ जणांना घेऊन आली. "आजी, डू द बँग!" पिठल्याला त्यांनी यलो सॉस नाव ठेवलं आणि पावाबरोबर परातभर खाल्लं. रात्री दहापर्यंत उजेड. डोंगराचा रंग आधी हिरवा, मग जांभळा, मग पोळीच्या तव्यासारखा. इतक्या उजेडात झोपायचं कसं, असं पोरं विचारायची आणि विचारता विचारता झोपायची.

सानिका यायची, इतरांसारखीच. ताट पुढं करायची, इतरांसारखीच. "थँक यू, आजी." घरी मला कधी थँक यू म्हणत नसे.

पाचव्या दिवशी पोरं डोंगरावर निघाली. पाठीवरच्या बॅगा त्यांच्याहून मोठ्या. मोजे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेले, पातेली बाहेरून लटकवलेली. मी प्रत्येकाला शंकरपाळ्यांची पुडी दिली. सानिकाची थोडी जड होती, ती नेहमीच असायची. तिच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणून मी वाकले आणि दुहेरी गाठ मारायला घेतली. तिनं पाय मागं ओढला.

"आजी, डोंट!"

बोलताना ती माझ्याकडे नाही, मैत्रिणींकडे बघत होती. म्हटलं, बारा वर्षांची आहे, लाज वाटते पोरीला. मी उठले. ती रांग चढत गेली. बॅगांवर पावसाची आवरणं होती, लाल, निळी, पिवळी. वर वर जाताना ती मण्यांएवढी झाली, मग धुक्यानं एकेक गिळली. सगळ्यात शेवटी कीथचं पिवळं.

मागं मी आणि फार्मची मालकीण ग्वेन. साठीची विधवा, पुरुषी हातांची, बोलायला कमी. तीन दिवस आम्ही दोघीच. ती तट्टांचे खूर साफ करायची, मी कांदे निवडायचे. ती चहा करायची, फार कडक. मी त्यात साखर टाकायचे, ती नाक मुरडायची. माझं इंग्रजी तेव्हा स्वयंपाकघरातलं होतं, शब्दाला शब्द लावून ढकललेलं. तिचंही फार गोड नव्हतं. घरात ती तिच्या वेल्श भाषेत बोलायची. दोघींनाही ते परकंच होतं, म्हणून जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात बटाटे सोलत बसलो होतो. ग्वेनच्या मुलीची छोकरी रबरी बूट घालून चिखलातून धावत आली, "नाइन! नाइन!" ओरडत. काहीतरी सांगून, आजीच्या गालाला चिखल लावून पळाली.

मी विचारलं, "व्हाय नाइन? नंबर?" आणि नऊ बोटं दाखवली.

ग्वेन इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली. "नो नंबर. नाइन. वेल्श. ग्रँडमदर."

"ओ!" मी म्हटलं. "आजी!"

"येस, आजी?" तिनं मान वर केली, जणू मी स्वतःचं नाव घेऊन काही सांगणार होते.

"नाइन, आजी. सेम."

"सेम काय?"

मी तिच्याकडे बोट केलं, "नाइन." माझ्याकडे केलं, "आजी. ग्रँडमदर."

ती हसायची थांबली. "पण आजी तुझं नाव आहे ना? मिसेस आजी?"

"नो नेम. ग्रँडमदर."

"कुणाची?"

मी डोंगराकडे बोट केलं. "सानिका."

ग्वेननं सुरी परत उचलली. बटाट्याचं एक लांब साल तिच्या सुरीवरून लोंबत होतं. मग ती हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "शी सेड यू वर्क फॉर देम. इन द हाउस. द कुक."

वर्क मला कळलं. हाउस कळलं. कुक तर कळतच होतं.

मी बटाटे सोलत राहिले. चोवीस पोरांचे बटाटे, उद्या ती येणार होती. आभाळ उघडलं होतं आणि ओल्या दगडांतून वाफ निघत होती. एक तट्टू कुंपणाला अंग घासत होतं. सगळं जसंच्या तसं चालू होतं, आणि मी हातातल्या बटाट्याकडे बघून पोस्टाच्या पेटीचा विचार करत होते. इथूनच जा आता.

उठताना ग्वेननं विचारलं, "मग नाव काय तुझं?"

मी सांगितलं. तिनं दोनदा चुकीचं म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर. माझ्या नवऱ्यानं जन्मात कधी ते घेतलं नाही. मुलगा आई म्हणतो. त्या नावानं शेवटची हाक मारली ती माझ्या आईनं. उरलेले दिवस ग्वेन अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला मला त्याच नावानं हाका मारायची, गरज नसतानाही.

पोरं आली ती भिजून, पाय सोलवटून. मी मोठ्या घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून एकेकाचे पाय त्यात बुडवले. आधी लाल केसांची, मग बाकीचे. रडणारे, हसणारे, पाण्यात बोटं हलवणारे. सानिका शेवटी बसली. टाचेला मोठा फोड. मी तो पुसत हळूच विचारलं, "मी कोण म्हणून सांगितलंस यांना?"

ती पाण्याकडे बघत राहिली. "आजी, नंतर."

"नंतर कधी?"

"बाबाने सांगितला होता असं बोलायला. रूल आहे. घरच्या लोकांना येता नाही येत कॅम्पला. नाहीतर तुला नाही घेतला असता. प्लीज, आजी."

मला ते कळलं. कुठलाही नियम असू शकतो. बापानं शिकवलं ते पोरीनं केलं, यात तिचा दोष किती? मी स्वतःला तसं समजावलं. पाय कोरडे करून पट्टी लावून दिली. फक्त पोस्टाच्या पेटीपाशी कुठला नियम होता, ते मात्र मला समजावता येईना.

शेवटच्या दिवशी दुपारी झेंडा उतरवला. सगळे गोल उभे. बस फाटकाशी येऊन थांबली होती, तंबू गुंडाळून झाले होते, दोरीवरचे मग उतरले होते. कीथनं मला मधे बोलावलं आणि त्यांच्या पथकाचा गळपट्टा माझ्या गळ्यात घातला, साडीवरून. "थ्री चिअर्स फॉर आजी!" पोरं तीनदा ओरडली. सानिकाही ओरडली. मग कोणीतरी, "स्पीच! स्पीच!"

कीथ म्हणाला, "सानिका, यू स्पीक हर लँग्वेज, डोंट यू? कम अँड हेल्प."

हर लँग्वेज. तिची भाषा.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्या खांद्याएवढी होती. मी तिच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश म्हणाले, "सानिका, मी तुझ्या बापाची आई आहे. तुझी आजी. तीन महिन्यांची होतीस तेव्हापासून तुझं केलंय. आता कॅम्प संपला, आता तुला कोणी काही करणार नाही. हे यांना तुझ्या तोंडानं सांग. मला दुसरं काही नको."

चोवीस तोंडं तिच्याकडे वळली. तिचे कान लाल झाले. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, शब्दन् शब्द, मीच शिकवलेला होता तो.

"शी सेज," ती म्हणाली, "शी सेज थँक यू. शी सेज... शी हॅड अ लव्हली टाइम."

टाळ्या झाल्या. लाल केसांची पोर धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. गोठ्याच्या दारात ग्वेन उभी होती, तिनं टाळी वाजवली नाही. ती एक पाऊल पुढं आली, मी मान हलवून नको म्हटलं. जे माझ्या माणसानं सांगायचं ते परक्यानं सांगून काय उपयोग?

घरी आल्यावर नितीन म्हणाला, "आई, त्यात काय एवढं? फॉर्मवर काहीतरी लिहायला लागतं. घरकामाला मदत, असं लिहिलं. नाहीतर तुला घेतलंच नसतं."

"मग नसतं घेतलं."

"अगं, तूच तर एवढी खूश होतीस."

तेही खोटं नव्हतं.

मी भांडले नाही. गावीही परत गेले नाही. जायला हवं होतं, असं बायका सांगतात. घर बंद करून बारा वर्षं झालेल्या बाईला ते सांगणं सोपं असतं. मी पोळ्या केल्या, शर्टाला इस्त्री केली, नवे बॅज आले ते शिवले. एक गोष्ट मात्र मी सोडली. तिचं मराठी दुरुस्त करायचं सोडलं. ती म्हणाली, "माझा बॅग," मी म्हटलं, "घे तुझा बॅग." ती आधी हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. आज ती माणसांची हृदयं तपासते, आणि "माझी आजी आला" म्हणते. लोक म्हणतात, इथं जन्मलेल्या पोरांचं तसंच असतं. माझ्या घरात ते तसं का आहे, हे मला माहीत आहे.

गाडीची काच वाजली. सानिका परत आली होती, बरोबर तिशीची एक बाई, स्वच्छ बूट, हसरी. नवी मालकीण. ग्वेन केव्हाच गेली म्हणाली. तट्टं नाहीत, मेंढ्या शेजारच्याच्या, इथं आता लोक सुट्टीला राहायला येतात.

सानिकानं दार उघडून मला हात दिला, उभं केलं आणि खांद्यावर हात टाकला. आवाज अगदी मोकळा. "दिस इज माय ग्रॅन. माय आजी. शी केम हिअर विथ अस, व्हेन आय वॉज ट्वेल्व्ह."

असं, सहज. वाऱ्यावर बोलावं तसं. जणू हे वाक्य तिच्या तोंडात रोजच असायचं. आणि असेलही. तिच्या हॉस्पिटलात माझा फोटो आहे म्हणते. इतकी वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते, तर आता ते आलं तेव्हा छातीत काहीतरी हलायला हवं होतं. डोंगरावर ऊन आलं. मेंढ्या ओरडत होत्या. काही हललं नाही.

नवी मालकीण माझ्याकडे वाकून मोठ्यानं म्हणाली, लहान मुलाशी बोलतात तसं, "हाउ लव्हली! सो यू केम ऑन हॉलिडे विथ युअर ग्रँडडॉटर?"

"नो," मी म्हटलं. "आय केम टू कुक."

बाई "ओह" म्हणून हसायची थांबली आणि सानिकाकडे बघायला लागली, हिला काय म्हणायचंय ते आता ही सांगेल म्हणून. सानिकाचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला. भाषांतर करण्यासारखं काही नव्हतंच. मी इंग्रजीतच बोलले होते.